सिगरेटचा भाव आणि तरुण पोरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिगरेट महाग करायची गोष्ट निघाली की दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे "ज्याला ओढायचीय तो ओढणारच, कितीही महाग करा", आणि दुसरं "भाव डबल करा, सगळे आपोआप सोडतील". मी बरीच वर्षं किशोरवयीन मुलांबरोबर काम करतेय आणि माझ्या अनुभवात ही दोन्ही मतं चूक आहेत. आईबाप, शिक्षक आणि खुद्द पोरंसुद्धा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवलीयत.

भाव वाढला की पोरं खरंच कमी ओढतात का?

हो, ओढतात. आणि हे नुसतं वाटणं नाहीये, गेल्या चाळीसेक वर्षांत यावर इतका अभ्यास झालाय की आता या मुद्द्यावर फारसा वाद उरलेला नाही. ढोबळ हिशोब असा की सिगरेटचा भाव १० टक्के वाढला तर श्रीमंत देशांत एकूण खप साधारण ४ टक्क्यांनी उतरतो आणि गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधारण ५ टक्क्यांनी. हा झाला सगळ्या वयांचा मिळून आकडा. तरुणांवरचा परिणाम मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असतो असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रणाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, २००३ मध्ये मंजूर झालेला आणि २००५ पासून लागू असलेला, त्याच्या सहाव्या कलमात हेच लिहिलंय की भाव आणि टॅक्स हा तंबाखूचा वापर कमी करायचा परिणामकारक मार्ग आहे, आणि त्यात "विशेषतः तरुण" असा वेगळा उल्लेख आहे.

पण तलफ आली की माणूस काहीही करून सिगरेट मिळवतोच ना?

वीस वर्षं ओढणारा माणूस मिळवतो, बरोबर आहे. तो दुसरे खर्च कापेल, उधारी करेल, पण सकाळची सिगरेट सोडणार नाही, कारण त्याच्या शरीराला आता निकोटीन लागतंच. म्हणून तर १० टक्के भाववाढीला खप फक्त ४-५ टक्केच उतरतो, १० टक्के नाही.

पण सोळा वर्षांचा पोरगा अजून तिथे पोचलेला नसतो ना. तो आठवड्यातून दोनदा, कधी चारदा, मित्र भेटले की ओढतो. त्याची गाडी अजून उतारावर आहे, दरीत गेलेली नाही. अशा वेळी छोटासा अडथळासुद्धा पुरतो. हाच अडथळा वीस वर्षांनी आणलात तर तो त्याच्यावरून उडी मारून जाईल.

तरुणांवरच एवढा परिणाम का होतो?

सगळ्यात मोठं कारण साधं आहे, त्यांच्याकडे पैसे कमी असतात. मोठ्या माणसाच्या पगारात सिगरेटचा खर्च कुठेतरी दडून जातो, पोरांच्या पॉकेटमनीत तो लपत नाही. एक पाकीट घेतलं की आठवड्याचं बाकी सगळं, म्हणजे मोबाइलचा रिचार्ज, सिनेमा, मित्रांबरोबरचं खाणंपिणं, सगळ्यावर पाणी सोडायला लागतं.

दुसरं, वर म्हटलं तसं, लत अजून पक्की झालेली नसते. आणि तिसरं कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं, ते म्हणजे मित्र. या वयात कोणी एकटा बसून सिगरेट शिकत नाही, ग्रुपमध्ये शिकतो. भाव वाढल्यामुळे पाच जणांच्या ग्रुपमधल्या दोघांनी हात आखडता घेतला की उरलेल्या तिघांनाही कमी मिळते, कमी दिसते, आणि जो नवीन पोरगा त्या ग्रुपमध्ये येतो त्याला सिगरेट ओढणं ही तितकी रोजची गोष्ट वाटत नाही. म्हणजे एकावर झालेला परिणाम एकावर थांबत नाही, पुढे सरकत जातो.

पहिली सिगरेट तर फुकटच मिळते, मग तिथे भाव काय करणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण विचारणाऱ्याने पोरांना जवळून बघितलेलं असतं. खरंय, पहिला झुरका कोणीच विकत घेत नाही. तो कोणाच्या तरी हातातून येतो, "एक कश मारून बघ" असं म्हणत. आणि म्हणूनच काही अभ्यासांमध्ये असं दिसलंय की पहिल्यांदा ट्राय करण्यावर भावाचा परिणाम थोडाच होतो, कधी कधी जवळजवळ होतच नाही. हे लपवण्यात काही अर्थ नाही.

पण पहिला झुरका आणि रोजची सवय यांच्यात बरंच अंतर असतं, महिने जातात, कधी वर्ष-दोन वर्षं. त्या अंतरात एक जागा येते जिथे मागून ओढणारा पोरगा पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने स्वतःचं पाकीट घेतो. माझ्या मते सगळा खेळ तिथे आहे. मागून ओढणाऱ्याला दुसऱ्याची मर्जी बघावी लागते, रोज मागता येत नाही, मित्र वैतागतात. एकदा स्वतःचं पाकीट खिशात आलं की मग कोणाला विचारायला नको, मग एकट्याने ओढणं सुरू होतं, सकाळी सुरू होतं, आणि आता हाच पोरगा दुसऱ्यांना पहिला झुरका देणारा होतो. भाव नेमका त्या पहिल्या पाकिटाच्या दारात उभा राहतो.

एक उदाहरण सांगते. एका मुलाच्या कंपासपेटीत मला पेन्सिलींच्या शेजारी कागदाच्या तुकड्यात गुंडाळलेली एक अर्धी विझवलेली सिगरेट दिसली, टोक चिमटीने नीट दाबून ठेवलेलं, राख झटकलेली. ओरडायच्या ऐवजी मी विचारलं की अर्धीच का. तर म्हणाला आम्ही चौघं मिळून एक घेतो, दोघं दुपारी आणि दोघं संध्याकाळी, पूर्ण परवडत नाही. म्हणजे चौघांत दिवसाला एक. तीच सिगरेट निम्म्या भावात मिळाली असती तर त्या चौघांकडे दोन असत्या, आणि ती कंपासपेटीत जपून ठेवायची वेळ आली नसती. त्या चौघांपैकी तिघं पुढच्या वर्षी ओढत नव्हते. एकटा भाव हे कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण तोपर्यंत त्यांना वेळ मिळाला तो भावामुळे, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

मग भाव नेमका किती वाढवायला पाहिजे?

जो जाणवेल इतका. दर वर्षी चिमूटभर वाढवलं तर काही होत नाही, कारण तेवढी तर महागाईच वाढते आणि लोकांची कमाईसुद्धा. पाकिटावरचा आकडा वाढलेला दिसतो पण खिशाच्या हिशोबाने सिगरेट उलट स्वस्त झालेली असते. त्यामुळे भाव किती हे न बघता परवडते किती हे बघायचं, म्हणजे एका दिवसाच्या कमाईत किंवा महिन्याच्या पॉकेटमनीत किती पाकिटं येतात ते मोजायचं.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी की किरकोळ किमतीतला किमान ७५ टक्के भाग हा टॅक्सचा असावा. आणि तो टॅक्स महागाई आणि उत्पन्न या दोन्हींच्या पुढे राहील असा नियमित वाढवत न्यावा. फ्रान्समध्ये १९९० ते २००५ या काळात महागाई वजा करून सिगरेटचा भाव तिप्पट झाला आणि खप निम्म्यावर आला. पंधरा वर्षं लागली, पण सातत्य ठेवलं.

भाव कमी केला तर उलटं होतं का?

होतं, आणि याची उदाहरणं बघितली की बाकी आकडेवारीची गरजच वाटत नाही.

२ एप्रिल १९९३, शुक्रवार. अमेरिकेत फिलिप मॉरिस कंपनीने मार्लबोरोचा भाव पाकिटामागे ४० सेंट, म्हणजे जवळपास २० टक्क्यांनी खाली आणला, कारण स्वस्त ब्रँड त्यांचं गिऱ्हाईक पळवत होते. बाकीच्या कंपन्यांनाही मग उतरावं लागलं. मार्लबोरो हा तेव्हा तिथल्या पोरांचा सगळ्यात आवडता ब्रँड. शाळेच्या शेवटच्या वर्षातली, म्हणजे सतरा-अठरा वर्षांची जी मुलं मागच्या महिनाभरात सिगरेट ओढली असं सांगत होती त्यांचं प्रमाण १९९२ मध्ये २८ टक्क्यांच्या आसपास होतं, ते १९९७ मध्ये साडेछत्तीस टक्क्यांपर्यंत चढलं. सगळं खापर भावावर फोडता येणार नाही, त्या काळात पोरांना डोळ्यासमोर ठेवून केलेल्या जाहिराती पण जोरात होत्या. पुढे १९९८ च्या शेवटी सिगरेटच्या आजारांवरच्या खर्चाची भरपाई मागणाऱ्या ४६ राज्यांशी कंपन्यांचा समझोता झाला, भरपाईचा पैसा काढायला कंपन्यांनी लगेच पाकिटामागे ४५ सेंट वाढवले, जाहिरातींवर बंधनं आली, राज्यांनी टॅक्स वाढवले, आणि २००३ पर्यंत तोच आकडा २४ टक्क्यांवर उतरला.

कॅनडातही १९९४ च्या फेब्रुवारीत असंच झालं. स्मगलिंग वाढलंय म्हणून केंद्र सरकारने आणि क्यूबेक, ऑन्टारिओसारख्या काही प्रांतांनी टॅक्स एकदम कापला. पश्चिमेकडच्या प्रांतांनी कापला नाही. त्यामुळे एकाच देशात तुलना करायला आयतीच सोय झाली, आणि जिथे सिगरेट स्वस्त झाली तिथे तरुण पोरं जास्त प्रमाणात या सवयीला लागलेली दिसली.

सिगरेट कंपन्यांना हे माहीत नसतं का?

चांगलं माहीत असतं, आणि तेही फार आधीपासून. अमेरिकेतल्या खटल्यांमुळे १९९० च्या दशकात कंपन्यांची आतली लाखो कागदपत्रं बाहेर आली. त्यात १९८० च्या सुरुवातीच्या काळातली टिपणं आहेत ज्यांत कंपनीचेच लोक टॅक्स वाढला तर किशोरवयीन मुलांच्या ओढण्यावर किती परिणाम होईल याचा हिशोब मांडत होते. बाहेर मात्र "भावाने काही फरक पडत नाही" हेच चालू.

आजही टॅक्स वाढला की एक युक्ती हमखास वापरली जाते. महागड्या ब्रँडचा भाव टॅक्सपेक्षाही जास्त वाढवायचा, कारण ते गिऱ्हाईक देतंच, आणि स्वस्त ब्रँडवर टॅक्सचा काही भार कंपनीने स्वतः सोसायचा म्हणजे ते फार महाग दिसत नाहीत. आता पोरं कोणता घेतात ते वेगळं सांगायला नको.

महाग झाली की पोरं स्वस्त ब्रँडकडे किंवा दुसऱ्या कशाकडे वळतात, मग काय उपयोग?

वळतात, हा त्रास खरा आहे. जिथे टॅक्सचे चार-पाच टप्पे असतात, महागड्या सिगरेटला जास्त आणि स्वस्तला कमी, तिथे तर सरकारच पोरांसाठी खाली उतरायची शिडी लावून देतं. म्हणून या विषयातली बहुतेक जाणकार मंडळी सांगतात की सगळ्या सिगरेटींवर प्रत्येक काडीमागे सारखाच ठरावीक टॅक्स लावा, आणि सिगरेटबरोबर बाकीच्या तंबाखूलाही तोच न्याय लावा.

फट ठेवली तर काय होतं त्याचं एक उदाहरण माझ्या कायम डोक्यात असतं. १ एप्रिल २००९ ला अमेरिकेच्या केंद्र सरकारने सिगरेटवरचा टॅक्स पाकिटामागे ३९ सेंटवरून १ डॉलर १ सेंट केला. हाताने वळायच्या तंबाखूवरचा टॅक्स पाउंडामागे जवळपास १ डॉलर १० सेंटवरून थेट २४ डॉलर ७८ सेंट झाला, पण पाइपमध्ये भरायच्या तंबाखूवरचा तेवढाच आधीचा टॅक्स फक्त २ डॉलर ८३ सेंटपर्यंत नेला. झालं, थोड्याच दिवसांत हाताने वळायच्या तंबाखूच्या पिशव्यांवर "पाइप तंबाखू" असं लेबल यायला लागलं, माल तसाच. तरीही त्या टॅक्सवाढीनंतर शाळकरी मुलांमधलं सिगरेट ओढणं कमी झालं हे संशोधनात दिसलं. फट बुजवली असती तर आणखी झालं असतं.

सुट्या सिगरेटीचं काय?

सुटी सिगरेट म्हणजे भाववाढीला पाडलेलं भोक आहे. पाकीट कितीही महाग करा, एक काडी सुट्टे पैसे देऊन मिळत असेल तर वर मी जे पहिल्या पाकिटाचं दार म्हटलं ते दारच नाहीसं होतं. शिवाय पाकिटावरचा इशारा आणि चित्रं पोराला दिसतसुद्धा नाहीत. आंतरराष्ट्रीय कराराच्या सोळाव्या कलमात सुट्या सिगरेटी आणि लहान पाकिटं विकायला मनाई करायचा प्रयत्न करा असं देशांना सांगितलंय, ते यासाठीच. आयर्लंडने २००७ मध्ये आणि ब्रिटनने २०१७ मध्ये वीसपेक्षा कमी सिगरेटींची पाकिटं बंदच केली. माझं मत विचाराल तर टॅक्स वाढवायचा आणि सुटी विक्री चालू ठेवायची म्हणजे अर्धंच काम.

ई-सिगरेट किंवा व्हेपकडे जातात का पोरं?

काही जातात. सिगरेट आणि व्हेप पोरांच्या हिशोबात एकमेकांच्या जागी चालतात, एकाचा भाव वाढला की दुसऱ्याकडे थोडी सरक होते, आणि हे दोन्ही दिशांनी होतं. म्हणजे फक्त व्हेपवर प्रचंड टॅक्स लावला तर काही पोरं परत सिगरेटकडे जाऊ शकतात, जी जास्त घातक आहे. त्यामुळे दोन्हीचे भाव एकत्र बघूनच ठरवायला लागतात.

भाव वाढवला की स्मगलिंग वाढतं ना?

वाढू शकतं, पण टॅक्स जास्त म्हणजे स्मगलिंग जास्त असं सरळ गणित नाहीये. पहारा किती, दंड किती, भ्रष्टाचार किती यावर ते जास्त ठरतं. ब्रिटनमध्ये २००० च्या सुमाराला साधारण पाचातली एक सिगरेट टॅक्स चुकवलेली होती, त्यांनी टॅक्स न उतरवता कस्टमची माणसं, स्कॅनर, शिक्षा हे सगळं वाढवलं आणि हे प्रमाण पुढे साधारण निम्म्यावर आलं. उलट बाजूने ऑस्ट्रेलिया बघा, तिथे टॅक्स खूप चढवला पण चोरट्या मालाकडे वेळेवर पुरेसं लक्ष दिलं नाही, आणि आता गुन्हेगारी टोळ्यांची दुकानं जाळण्यापर्यंत मजल गेलीय. चोरटा माल विकणारा वय विचारत नाही, म्हणून पोरांच्या दृष्टीने हा धोका मोठा आहे.

आणि कॅनडाचं वर सांगितलं ना, स्मगलिंगला घाबरून टॅक्स कापला, त्याचा शेवट ऐका. २००८ मध्ये तिथल्या दोन मोठ्या सिगरेट कंपन्यांनी त्या काळातल्या स्मगलिंगशी संबंधित गुन्हा कबूल केला आणि दंड-भरपाई मिळून एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम देण्याचं मान्य केलं. ज्या स्मगलिंगचं कारण देऊन टॅक्स उतरवला गेला त्यात खुद्द त्यांचाच हात होता! हे वाचलं तेव्हा मला फार राग आला होता, कारण मधल्या काळात जी पोरं सवयीला लागली त्यांचं काय.

एवढं करण्यापेक्षा सरळ बंदी का नाही घालत?

भूतानने २००४ मध्ये विक्रीवर बंदी घालून बघितली, चोरून माल येतच राहिला, आणि २०२१ मध्ये बंदी उठवली.

हा टॅक्स म्हणजे गरिबांवर अन्याय नाही का?

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. जो गरीब माणूस सोडू शकत नाही त्याच्या घरातून जास्त पैसे जातात, हे खरंच आहे. पण भाव वाढल्यावर सोडणाऱ्यांत आणि सुरूच न करणाऱ्यांत गरीब घरातली मुलं-माणसं जास्त असतात, आणि तंबाखूच्या आजारात घर धुऊन निघतं तेही त्यांचंच. तेव्हा टॅक्सचा पैसा कुठे जातो यावर बरंच अवलंबून आहे. फिलिपिन्सने २०१२ च्या कायद्यात सिगरेट-दारूवरचा टॅक्स वाढवला आणि त्यातला मोठा वाटा गरिबांच्या आरोग्य विम्यावर खर्च करायचं कायद्यातच लिहून टाकलं. सोडायला मदत करणारी केंद्रं, फोनवर सल्ला, निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्या हे फुकट द्यायचं नाही आणि नुसता भाव वाढवायचा, याला मात्र माझा विरोध आहे.

थोडे दिवस ओढली आणि नंतर सोडली तर काय बिघडतं?

लवकर सोडली तर खरंच खूप काही वाचतं, हे पोरांना मी मुद्दाम सांगते कारण "आता झालंच ना, मग काय" असं म्हणून ती ओढत राहतात. ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चाललेला एक अभ्यास आहे, त्यात दिसलं की आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात, पण वयाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमाराला सोडणाऱ्यांना ती जवळपास सगळी दहा वर्षं परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी सोडली तर नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, साठाव्या वर्षी तीन.

अडचण एवढीच की "नंतर सोडीन" म्हणणाऱ्यांतले बरेच जण सोडू शकत नाहीत. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते आणि त्या वयात निकोटीन फार लवकर घर करतं. अमेरिकेतल्या रोज ओढणाऱ्या मोठ्या माणसांपैकी ८८ टक्के लोकांनी पहिली सिगरेट अठराच्या आत ओढलेली होती आणि ९९ टक्के लोकांनी सव्विसाव्या वर्षापर्यंत. म्हणजे सव्विशीपर्यंत माणूस यापासून लांब राहिला तर तो पुढे कधी या वाटेला जाण्याची शक्यता अगदीच थोडी.

घरी कळलं की मुलगा ओढतोय. पॉकेटमनी बंद करू का?

पालक हे विचारतात तेव्हा त्यांचा आवाज कापत असतो, त्यामुळे आधी हे सांगते की तुमचं पोरगं हातचं गेलेलं नाहीये. पैशाचा संबंध आहेच, पण सगळे पैसे एकदम बंद केलेत तर तो मागून ओढेल, उधार घेईल, खोटं बोलेल, आणि तुमच्याशी बोलणं बंद होईल ते वेगळं. मी असं सुचवते की पैसे चालू ठेवा, पण हिशोब त्याच्याबरोबर बसून करा. आठवड्याला किती सिगरेटी, एकीला किती, महिन्याचे किती, वर्षाचे किती, त्याच्याच हाताने कागदावर लिहू द्या, मध्ये बोलू नका. त्याला जे हवंय, हेडफोन असेल, बूट असतील, सायकल असेल, त्याची किंमत शेजारी लिहायला सांगा. बहुतेक पोरांनी हा हिशोब कधी केलेलाच नसतो. मग विचारा की सोडायला काही मदत पाहिजे का, आणि तो "नाही" म्हणाला तरी तो कागद फाडू नका, त्याच्याच टेबलावर राहू द्या.